कॅरेटमागे पाच रुपये आणि काचेवरचा परका टॅग

वर्धा जिल्ह्यातील एका वाचकांचे चार पानी पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव गाळले असून पत्रातील आवश्यक तेवढाच भाग येथे देत आहे.

“आमचे गाव राष्ट्रीय महामार्गापासून दीड किलोमीटर आत आहे आणि टोल नाका आमच्या फाट्यापासून सात किलोमीटरवर. तालुक्याचे गाव नाक्याच्या पलीकडे. दिवाळीनंतर मी नागपूरच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून जुनी मोटार घेतली. मुलीला कॉलेजात सोडणे, कृषी केंद्र, बँक, आईचे औषध अशा कामांसाठी महिन्यातून पंचवीस दिवस तरी नाका ओलांडावाच लागतो. एका वेळचे शंभर रुपये कापले जातात. नाक्यावर स्थानिक पास मागितला, तर ‘गाडी तुमच्या नावावर नाही’ म्हणून परत पाठवले. काचेवर जुन्या मालकांचाच फास्टॅग आहे. मी त्यांना फोनवरून पैसे पाठवतो आणि ते टॅगमध्ये भरतात. आता त्यांनाही त्याचा कंटाळा आलेला दिसतो.

धाकट्या भावाकडे आपल्याच जिल्ह्यात नोंदलेली, एमएच ३२ ची पिकअप आहे. तो गावातला भाजीपाला रात्री नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेतो. महिन्यातून वीस खेपा आणि एका खेपेला सरासरी सत्तर कॅरेट. वाटेत दोन नाके आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या नाक्यावर शंभर रुपये आणि नागपूर जिल्ह्यातल्या नाक्यावर नव्वद. जाऊन-येऊन तीनशे ऐंशी लागतात, असे सांगून तो भाड्याखेरीज कॅरेटमागे पाच रुपये टोल घेतो. आम्ही भाऊ टोलवर कमावतो, असे आता गावात उघड बोलले जाते. भावाने चिडून पांदण रस्त्याने आमचा नाका चुकवायला सुरुवात केली आहे. त्यात अकरा किलोमीटरचा फेरा पडतो. मागच्या महिन्यात त्याला तीन वेळा रोख दुप्पट पैसेही भरावे लागले. दोन नाक्यांत पंचेचाळीस किलोमीटरही अंतर नाही, मग साठ किलोमीटरचा नियम कुठे गेला? तीन हजारांचा वार्षिक पास घ्यावा का? समृद्धी महामार्गाने जाणे परवडेल का? आणि कापूस जिनिंगला नेताना बाबांच्या ट्रॅक्टरला टोल लागतो का? कृपया सविस्तर लिहावे.”

भाऊ, तुमचे सगळे आकडे मी वहीत मांडून पाहिले. तुमच्या घरातून टोलपायी जाणाऱ्या पैशांपैकी बराचसा पैसा कायद्याने द्यावा लागतच नाही. कागदपत्रे अर्धवट राहिल्यामुळे तो जातो, असे त्यातून निघते. टोलचे दर दरवर्षी १ एप्रिलला बदलत असल्यामुळे मी पुढे दिलेले सरकारी आकडे २०२५-२६ या वर्षाचे समजावेत.

सुरुवात मोटारीपासून करतो, कारण सर्वांत मोठी गळती तिथेच आहे. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ प्रमाणे टोल नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माणसाला आपल्या बिगर-व्यापारी वाहनासाठी मासिक स्थानिक पास मिळतो. नियम झाले तेव्हा त्याची रक्कम १५० रुपये होती, ती वाढत वाढत २०२५-२६ मध्ये ३५० रुपये झाली आहे. त्या रकमेत त्या एका नाक्यावरून महिनाभर कितीही वेळा ये-जा करता येते. तुम्ही पंचवीस दिवस जाऊन-येऊन दोनशे रुपये भरत असाल, तर महिन्याला पाच हजार रुपये होतात. नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या आत परत आल्यावर दोन्ही वेळचे मिळून दीडपटच शुल्क लागते. तो लाभ टॅगवर बरोबर मिळत असेल असे धरले, तरी ३७५० रुपये जातात. एवढा फरक केवळ नावनोंदणी राहून गेल्यामुळे पडतो आहे. त्यामुळे पास नाकारणाऱ्या नाक्यावरच्या माणसाचे मला या एका बाबतीत चुकले असे वाटत नाही. पास मालकाच्या राहण्याच्या पत्त्यावर मिळतो, आणि कागदोपत्री त्या गाडीचे मालक अजूनही नागपुरात राहतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी विकत घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तुम्ही दिवाळीनंतर गाडी घेतली, म्हणजे मुदत केव्हाच टळली असून थोडाफार दंड भरावा लागेल, तो निमूटपणे भरावा. नमुना २९ आणि नमुना ३० या दोन अर्जांवर जुन्या मालकांच्या सह्या लागतात. त्यांचा कंटाळा पुरता वाढण्याआधी त्यांच्याकडे एक दिवस स्वतः जाऊन त्या सह्या घ्याव्यात, हे बरे. अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर भरता येतो आणि पुढचे काम वर्ध्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. त्याच वेळी विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. हा विषय टोलचा नाही, तरी लिहून ठेवतो, कारण उद्या काही अपघात घडला, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात नोंदणीवरच्या मालकाला ओढले जाते आणि त्या भल्या गृहस्थांना तुमच्यामुळे कोर्टाची पायरी चढावी लागेल. गाडीच्या पाटीवर नागपूरचा क्रमांक राहिला, तरी हरकत नाही. नाव आणि पत्ता मात्र तुमचा हवा.

आता काचेवरच्या टॅगबद्दल. तो जुन्या मालकांच्या ओळखपत्रांवर आणि त्यांच्या मोबाइल क्रमांकावर चालतो, म्हणून पैसे कापल्याचा संदेश त्यांना जातो आणि तुम्हाला कळत काहीच नाही. दीडपटीचा लाभ मिळतो की नाही, हे तुम्ही पत्रात लिहू शकला नाहीत, त्याचे कारणही हेच आहे. त्यांनी आपल्या बँकेला सांगून टॅग बंद करावा, शिल्लक रक्कम परत घ्यावी, आणि तुम्ही नवीन नोंदणी प्रमाणपत्रावर स्वतःचा टॅग काढावा. एका वाहनाला एकच टॅग चालतो, त्यामुळे जुना बंद झाल्याखेरीज नवा लावण्याची घाई करू नये. एवढे झाले की नोंदणी प्रमाणपत्र आणि आधार कार्ड घेऊन नाक्याच्या कार्यालयात जावे. खिडकीवर मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकत पास मागू नये. पास देण्याचे काम कार्यालयात चालते, आणि खिडकीत बसलेला मुलगा बहुधा शेजारच्याच एखाद्या गावचा असतो व त्याच्या हातात काही नसते.

वार्षिक पासाचा मोह अनेकांना झाला आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी ती योजना सुरू झाली. नाका एकदा ओलांडला की एक फेरी मोजली जाते. जाऊन आले की दोन झाल्या. तुमच्या महिन्याच्या पंचवीस दिवसांच्या पन्नास फेऱ्या होतात, म्हणजे दोनशे फेऱ्या चार महिन्यांत संपतील आणि वर्षात तीन वेळा मिळून नऊ हजार रुपये लागतील. स्थानिक पासाचे वर्षाचे ४२०० होतात. ज्यांना दर आठवड्याला लांबचा प्रवास असतो आणि वाटेत निरनिराळे नाके लागतात, त्यांना तो पास फेरीमागे पंधरा रुपयांत पडतो आणि त्यांच्यासाठी तो उत्तमच आहे. तुमचा नाका एकच आणि रोजचा आहे, तेव्हा तुम्ही साडेतीनशेचाच पास घ्यावा. भावाच्या पिकअपला तर वार्षिक पास मिळणारच नाही, कारण तो केवळ खासगी मोटार, जीप आणि व्हॅन यांच्यासाठी आहे.

पिकअपचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे. मोटारीला लागतात तेवढेच शंभर रुपये तिलाही लागतात, हे नियमाला धरून आहे, कारण एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलेले वाहन शुल्काच्या तक्त्यात मोटारीच्याच रांगेत बसते. मात्र तुमचा भाऊ तीनशे ऐंशी रुपये कुठून आणतो, हे मला उमगले नाही. रात्री निघालेली गाडी दुपारपर्यंत गावात परत येत असेल, तर चोवीस तासांचा लाभ दोन्ही नाक्यांवर मिळायला हवा, म्हणजे पहिल्या नाक्याचे दीडशे आणि दुसऱ्याचे एकशे पस्तीस, असे मिळून दोनशे पंच्याऐंशी. हा लाभ २०२० पासून केवळ चालू फास्टॅग असलेल्यांनाच मिळतो आणि परतीच्या वेळी आपोआप कमी रक्कम कापली जाते. त्यासाठी खिडकीवर काही सांगावे लागत नाही. भावाने बँकेच्या ॲपमधून टॅगचा महिन्याचा उतारा काढून घरी ओट्यावर बसून ओळीने पाहावा. परतीच्या ओळीत अर्धी रक्कम दिसली, तर तीनशे ऐंशी हा आकडा नुसता तोंडी चालत आलेला आहे. पूर्ण दिसली, तर बँकेकडे आणि १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर तक्रार करून फरक मागता येतो.

याखेरीज आणखी एक सवलत आहे, जी आपल्याकडच्या बहुतेक पिकअपवाल्यांना ठाऊकच नसते. ज्या जिल्ह्यात नाका आहे, त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या व्यापारी वाहनाला त्या नाक्यावर निम्मेच शुल्क आकारावे, अशी तरतूद त्याच २००८ च्या नियमांत आहे. अट अशी की, वाहन नॅशनल परमिटवर, म्हणजे देशभर माल नेण्याच्या परवान्यावर, चालणारे नसावे आणि त्या ठिकाणी वापरता येण्याजोगा सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध नसावा. तुमची पिकअप एमएच ३२ ची आणि पहिला नाका वर्धा जिल्ह्यातला, तेव्हा नोंदणी प्रमाणपत्र, परमिट आणि टॅगचा क्रमांक घेऊन भावाने नाक्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी विचारले की तोंडी नकार मिळतो, आणि त्याला पुरावा राहत नाही. मंजुरी मिळाली, तर त्या नाक्याचे जाण्या-येण्याचे शंभरच रुपये होतील. नागपूर जिल्ह्यातल्या नाक्यावर ही सवलत चालणार नाही, तिथे एकशे पस्तीस द्यावेच लागतील. दोन्ही मिळून एका खेपेचे दोनशे पस्तीस झाले.

दुसऱ्या नाक्यावर मासिक पास काढावा का, हेही पाहिले. पन्नास एकेरी फेऱ्यांच्या शुल्काच्या दोन तृतीयांश रकमेत महिन्याभरात पन्नास फेऱ्या मिळतात. नव्वद रुपयांच्या हिशेबाने तो पास तीन हजारांना पडतो. भावाच्या वीस खेपांचे दीडपटीने २७०० होतात, म्हणजे पास तोट्याचा ठरेल. हिवाळ्यात भाजीचा जोर असतो तेव्हा महिन्यात तेवीस किंवा अधिक खेपा होत असतील, तर त्या महिन्यांपुरता तो अवश्य घ्यावा.

आता कॅरेटकडे येतो, आणि हे वाचून तुमच्या भावाला राग आला, तरी मी लिहिणार आहे. सत्तर कॅरेटचे पाचप्रमाणे साडेतीनशे रुपये होतात. टोल जर खरोखरच दोनशे पंच्याऐंशी कापला जात असेल, तर खेपेमागे पासष्ट रुपये जास्त घेतले जात आहेत. जिल्ह्याची सवलत मिळाल्यावर एकशे पंधरा जास्त होतील आणि वीस खेपांचे २३०० रुपये. गावातले लोक पारावर जे बोलतात, ते कडू आहे, पण निराधार नाही. भावाचा खर्च मी नाकारत नाही. टायर, हमाली, रात्रीचे जागरण, बाजारात माल उतरवेपर्यंतची ताटकळ, हे सगळे त्याच्याच अंगावर पडते. मात्र तो खर्च भाड्यात उघडपणे धरावा, टोलच्या नावाखाली घेऊ नये. वांग्याला भाव नसतो त्या दिवशी शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाई, अडत आणि भाडे वजा जाऊन हातात किती उरते, हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि त्या दिवशी पाच रुपये त्याच्या नजरेत भरतात. माझी सूचना अशी आहे की, त्या खेपेचा दोन्ही नाक्यांचा मोबाइलवर आलेला संदेश ज्यांचा माल होता त्यांना दाखवावा, रकमेला त्या दिवशीच्या कॅरेटने भागावे आणि येईल तेवढेच घ्यावे. सत्तर कॅरेट असतील, तर आज चार रुपयांच्या थोडे वर आणि सवलतीनंतर साडेतीनच्या आत बसते. ज्या दिवशी चाळीसच कॅरेट भरले, त्या दिवशी मात्र जास्त पडेल, आणि संदेश समोर असल्यावर तेही कोणी नाकारणार नाही.

रोख दुप्पट भरल्याचा प्रकार यात कोणत्याही परिस्थितीत धरू नये, कारण तो भावाचा स्वतःचा निष्काळजीपणा असण्याची शक्यता अधिक आहे. चालू टॅग नसेल, तर रोख भरणाऱ्याला दुप्पट आणि १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरणाऱ्याला सव्वापट शुल्क, असा २०२५-२६ मधला नियम आहे. शंभराच्या नाक्यावर दोनशे किंवा सव्वाशे. तेव्हा रात्री दोन वाजता टॅगमध्ये पैसे नाहीत असे लक्षात आले, तरी खिशातल्या नोटा काढू नयेत, फोन काढावा. परंतु टॅग चालू होता, त्यात पुरेशी शिल्लक होती आणि नाक्यावरचेच यंत्र बिघडल्यामुळे तो वाचला गेला नाही, अशी स्थिती असेल, तर एक रुपयाही देणे लागत नाही. अशा वाहनाला शून्य रकमेची पावती देऊन सोडावे, असा नियम २०१८ पासून आहे. त्या तिन्ही रात्री शिल्लक किती होती, हे उताऱ्यात दिसेलच.

पांदण रस्त्याचा फेरा आजच थांबवावा. भरलेली पिकअप खाचखळग्यांतून लिटरला अकरा किलोमीटर देते असे धरले, तर एका वेळच्या अकरा किलोमीटरला एक लिटर डिझेल जाते, म्हणजे नव्वद रुपयांच्या आसपास. त्यासाठी आज सरासरी पंचाहत्तर रुपये वाचतात आणि सवलत मिळाल्यावर पन्नासच वाचतील. वरून टमाट्याचे खालचे कॅरेट दबतात ते वेगळेच. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ती गाडी एकदा रुतली, की ट्रॅक्टर बोलावून ओढून काढेपर्यंत कळमन्याचा लिलाव आटोपलेला असेल. शिवाय, अशा रस्त्याने गाडी रोज जाते असे नाक्यावर दिसले, तर ‘पर्यायी रस्ता उपलब्ध आहे’ असे सांगून निम्म्या शुल्काचा अर्ज फेटाळायला आयते कारण मिळते. पांदण हा शेतात जाण्याचा रस्ता आहे, तो महामार्गाला पर्याय नाही, हे अर्जात स्पष्ट लिहावे.

समृद्धी महामार्गाचा विचार तुमच्या कामासाठी सोडून द्यावा. तो राज्य रस्ते विकास महामंडळाचा रस्ता आहे, त्यामुळे राष्ट्रीय महामार्गाचा वार्षिक पास तिथे चालत नाही. १ एप्रिल २०२५ पासून तिथे मोटारीला किलोमीटरमागे २.०६ रुपये आणि हलक्या व्यापारी वाहनाला ३.३२ रुपये असा दर आहे, आणि तो ३१ मार्च २०२८ पर्यंतचा आहे. जेवढे अंतर कापाल तेवढे पैसे लागतात. येळाकेळीच्या आसपास राहणाऱ्याला तो सोयीचा ठरू शकेल. तुम्हाला मात्र आधी तिथपर्यंत जावे लागेल आणि नागपूरला शिवमडक्याला उतरून संपूर्ण शहर ओलांडून कळमन्याला यावे लागेल. भाजीच्या गाडीला त्यात काही हाशील नाही.

साठ किलोमीटरबद्दलचा तुमचा राग मी समजू शकतो. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी यांनी लोकसभेत साठ किलोमीटरच्या आतले दुसरे नाके तीन महिन्यांत बंद करू असे सांगितले होते, आणि ते आपल्याच नागपूरचे खासदार असल्यामुळे विदर्भात त्या वाक्याची आठवण जरा जास्तच राहिली. नियमाची भाषा मात्र त्या वाक्याइतकी सरळ नाही. एकाच महामार्गाच्या एकाच खंडावर, म्हणजे टोलसाठी ठरवलेल्या एका सलग टप्प्यावर, एकाच दिशेने, साठ किलोमीटरच्या आत दुसरा नाका नसावा, असे नियम म्हणतो. कारणे नोंदवून अपवाद करता येतो, आणि पूल, बोगदा किंवा वळणरस्ता यांच्यासाठीचा नाका जवळही असू शकतो. तुमचे दोन नाके दोन वेगळ्या खंडांचे असतील, तर पंचेचाळीस किलोमीटर अंतर नियमात बसते. प्रत्येक नाक्यावर फलक असतो, त्यावर खंड कुठून कुठपर्यंतचा व किती लांबीचा आहे, हे लिहिलेले असते. दोन्ही फलकांचे फोटो काढावेत. खंड एकच निघाला, तर माहितीच्या अधिकारात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे अपवादाच्या कारणांची प्रत मागावी. दरवाढीबद्दलही तुम्ही तक्रार केली असती, तर मी एवढेच सांगितले असते की, वार्षिक वाढ ठरलेली तीन टक्के आणि तिच्यावर घाऊक महागाईच्या वाढीचा चाळीस टक्के भाग अशी असते. २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीमुळे ती जूनपर्यंत थांबली होती, एवढाच काय तो दिलासा.

बाबांच्या ट्रॅक्टरला टोल नाही. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, कंबाइन हार्वेस्टर आणि बैलबंडी यांच्याकडून राष्ट्रीय महामार्गावर शुल्क घेता येत नाही. फक्त सेवा रस्ता असेल तिथे त्यांना मुख्य रस्त्यावर येण्यास मनाई केली जाऊ शकते. ट्रॉलीत कापूस असला, तरी त्याने फरक पडत नाही. रात्री जाणार असतील, तर ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावून द्यावी, कारण कापसाच्या गंजीआड मागचे दिवे झाकले जातात आणि वेगाने येणाऱ्या ट्रकवाल्याला ट्रॉली दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.